नाग नदीचा गाळ, गोदावरीचे मुख आणि समुद्राची जुनी पातळी

प्रश्न : भूगोल-वही (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरातल्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. नदीच्या संचयनकार्याचा धडा घेताना मी दरवर्षी फळ्यावर आपल्या नाग नदीचा पुढचा प्रवास काढून दाखवते. शहराच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी शहर ओलांडून पिवळी नदीसह कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगेला वर्धा भेटली की तिची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत मिसळते. पावसाळ्यात आपल्या अंगणातून वाहून गेलेली माती शेवटी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर जाऊन बसते, एवढे कळले की मुलांना तो दूरचा त्रिभुज प्रदेश आपला वाटू लागतो.

यंदा मात्र दहावीतल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, "हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता आणि नंतर तो वर आला, तर त्या वेळी सगळे त्रिभुज प्रदेश बुडायला हवे होते. मग आज नकाशावर दिसतात ते कुठून आले?" मी तिला सांगितले की नदी गाळ आणतच राहते, पण हे उत्तर अपुरे आहे हे मला बोलतानाच जाणवले.

त्याला जोडून माझ्याही दोन शंका आहेत. त्रिभुज प्रदेशाच्या मातीत जुन्या समुद्रपातळीची नोंद असते असे वाचनात येते, पण ती नोंद नेमकी कशात असते आणि ती वाचतात कशी? समजा, ३० मीटर खोलीवर समुद्री शिंपला सापडला, तर तो प्राणी जिवंत असताना समुद्र आजच्यापेक्षा ३० मीटर खाली होता असे धरायचे का? दुसरी शंका नर्मदा आणि तापीविषयी आहे. या नद्या वेगाने वाहतात म्हणून त्यांना त्रिभुज प्रदेश नाही, असे आम्ही पिढ्यानपिढ्या शिकवत आलो आहोत. हे कारण मला आता पुरेसे वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : खडकवाचक (नागपूर)

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीला आधी सांगा की तिचा तर्क बरोबर आहे. हिमयुगातल्या नद्यांनी त्या काळच्या किनाऱ्यावर जे रचले होते ते खरोखरच बुडाले. आज आपण ज्यांना नाईलचा, मिसिसिपीचा, गंगेचा किंवा गोदावरीचा त्रिभुज प्रदेश म्हणतो, ते भूशास्त्राच्या मापाने अगदी कालचे आहेत, सात-आठ हजार वर्षांच्या आसपासचे. मी भूवैज्ञानिक म्हणून नोकरीत असताना माझा बराचसा काळ कोळशाच्या थरांमध्ये गेला, त्यामुळे कोट्यवधी वर्षांची भाषा अंगवळणी पडली आहे, तरीही सगळ्या जगातल्या नद्यांनी जवळपास एकाच वेळी नव्याने सुरुवात केली ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपावर इतका बर्फ साचलेला होता की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा जमीन होता. समुद्र खाली उतरला की नदीच्या शेवटच्या टप्प्याला जास्त उतार मिळतो आणि ती गाळ टाकण्याऐवजी स्वतःच्याच जुन्या गाळात खोल दरी कापू लागते. पुढे बर्फ वितळू लागला आणि साधारण १९,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात समुद्र जवळपास आजच्या पातळीपर्यंत चढला. हिशेब केला तर सरासरीने शंभर वर्षांत एक मीटर एवढा हा वेग पडतो, पण चढ सारखा नव्हता. आग्नेय आशियात, आज समुद्राखाली असलेल्या सुंदा मंचावर, बुडालेल्या खारफुटीच्या चिखलातून मिळालेल्या नोंदींनुसार १४,६०० ते १४,३०० वर्षांपूर्वीच्या केवळ तीनशे वर्षांत समुद्र १६ मीटरपर्यंत वर आला. उपग्रहांनी १९९३ पासून मोजलेली आजची सरासरी वाढ वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर आहे, तर ती वाढ वर्षाला पाच सेंटिमीटरच्या घरात होती.

आता मुलांना हे समजावताना त्रिभुज प्रदेश हा आकार म्हणून शिकवू नये, हिशेब म्हणून शिकवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नदी दरवर्षी काही गाळ आणते. समुद्र चढला किंवा जमीन खचली की तो गाळ ठेवायला नवी जागा तयार होते. जागा गाळापेक्षा वेगाने वाढली तर किनारा मागे सरकतो, दरीत समुद्र शिरतो आणि नदीच्या मुखाची खाडी होते. गाळ जागेपेक्षा वेगाने आला तर किनारा पुढे सरकतो, आणि त्यालाच आपण त्रिभुज प्रदेश म्हणतो. समुद्र जोरात चढत होता तोवर नद्या सतत मागे हटत होत्या. पावणेनऊ-साडेआठ हजार वर्षांपूर्वीपासून त्या चढाचा वेग मंदावत गेला आणि मग कुठे गाळाची बाजू वरचढ होऊ लागली. डॅनियल स्टॅन्ली आणि अँड्रयू वॉर्न यांनी १९९४ मध्ये जगभरच्या त्रिभुज प्रदेशांच्या तळच्या थरांची वये एकत्र मांडली, तेव्हा बहुतेकांचा जन्म ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचे दिसून आले. त्या नद्यांचे हवामान, खडक, पाऊस सगळे वेगळे होते. सगळ्यांना समान अशी गोष्ट फक्त समुद्राची होती. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या एका निरीक्षणात आहे.

गाळ बसतो कसा हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची नोंद त्यावरच अवलंबून आहे. काठांनी बांधलेले पाणी मोकळ्या समुद्रात शिरताच पसरते आणि त्याचा वेग मोडतो. जाड रेती मुखापाशीच पडते, पोयटा थोडा पुढे जातो, आणि चिकणमातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊन खाली बसतात. मुखापुढे रेतीचा उंचवटा वाढला की प्रवाह त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटतो, पुढे प्रत्येक फाट्याच्या मुखाशी तेच पुन्हा घडते. हे घडायला हजारो वर्षे लागतातच असे नाही. अमेरिकेत लुइझियानात वॅक्स लेक नावाच्या ठिकाणी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पुराचे पाणी काढून देण्यासाठी एक कालवा खोदला होता. त्याच्या मुखाशी पाण्याखाली गाळ साचत राहिला आणि १९७३ च्या मोठ्या पुरानंतर तिथे बेटे वर आली. आज तो फाटे फुटलेला, झाडझाडोरा असलेला पुरता त्रिभुज प्रदेश आहे, आणि तो उगवताना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत.

पातळीची नोंद सर्वांत स्वच्छ दिसते ती तलावातल्या लहान, जाड रेतीच्या त्रिभुज प्रदेशात. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूटामधल्या बॉनव्हिल या आटलेल्या प्राचीन सरोवराच्या काठी असे गाळ तपासले. तळाला बारीक मातीचे जवळपास आडवे थर, त्यावर तिरपे उतरत जाणारे रेतीचे थर आणि सगळ्यांत वर नदीच्या पात्रातले पुन्हा आडवे थर, अशी त्यांची रचना असते. वरचे आडवे थर संपून तिरपे थर जिथे सुरू होतात, तिथे पाण्याचा पृष्ठभाग होता. सरोवर हजारो वर्षांपूर्वी आटले, तरी ती रेघ डोंगराच्या कुशीत तशीच राहिली. मंगळावरच्या जेझेरो विवरात २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीने कोडियाक नावाच्या टेकाडाची छायाचित्रे पाठवली, त्यांत हीच आडवी-तिरपी-आडवी रचना दिसली आणि तिच्यावरून तिथल्या लुप्त सरोवराची पातळी ताडता आली. बॉनव्हिलच्या काठी शिकलेली लिपी दुसऱ्या ग्रहावर वाचता आली, हे मुलांना अवश्य सांगा.

समुद्रात एवढी सोय नसते. मोठ्या नदीच्या मुखापुढचा उतार एका अंशाहूनही कमी असतो, त्यामुळे ती रेघ डोळ्यांना सापडत नाही आणि पातळीची खूण सजीवांकडून घ्यावी लागते. इथे आपल्या शिंपल्याचा प्रश्न येतो. शिंपल्याचा प्राणी दोन मीटर पाण्यात राहिला असेल किंवा वीस मीटर पाण्यातही राहिला असेल, शिवाय लाटांनी मेलेला शिंपला कुठून कुठे नेऊन टाकला असेल. म्हणून ३० मीटर खोलीवरच्या शिंपल्यावरून इतकेच म्हणता येते की त्या वेळी तिथे समुद्र होता आणि पातळी त्या जागेच्या वर कुठेतरी होती. खारफुटी मात्र भरती-ओहोटीच्या अरुंद पट्ट्यातच उगवते. तिच्या मुळांनी भरलेली, अर्धवट कुजलेली काळी माती जागच्या जागी सापडली, तर समुद्राची पातळी त्याच उंचीच्या आसपास होती असे एक-दोन मीटरच्या फरकाने म्हणता येते. तिच्यातल्या मुळांचे किंवा पानांचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्याने साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच ही पद्धत चालते, पण आपल्या कामाला तेवढी पुरे. बारीक चाळणीतून धुतलेल्या मातीत फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचे मिळतात, आणि त्यांच्या जातींवरून पाणी गोडे होते, मचूळ होते की खारे, हे ठरवता येते.

उत्तर : पूलबांधणी (मूळ नागपूर, सध्या राजमहेंद्री)

मॅडम, सरांनी तत्त्व सांगितले आहे. मी फक्त डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि आमचे काम पुलांच्या पायांसाठी बोअर घेऊन जमीन तपासण्याचे. गोदावरी धवलेश्वरमच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा या दोन मोठ्या शाखांत फुटते, वसिष्ठेपासून पुढे वैनतेया निघते, आणि गौतमी-वसिष्ठेच्या मधल्या भागाला कोनसीमा म्हणतात. तिथल्या एका बोअरचे नमुने मी आजही विसरलो नाही.

वरचे काही मीटर तपकिरी पोयटा होता, शेतात असतो तसाच. मग करडी, स्वच्छ धुतलेली रेती लागली. तिच्याखाली निळसर काळा, लोण्यासारखा चिखल आला. नमुन्याची नळी उघडताच सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि चिखलात बोटाच्या पेराएवढे नाजूक शिंपले चमकले, दोन्ही शकले अजून जुळलेली. समुद्रापासून इतक्या आत, भाताच्या शेताखाली, मी समुद्राचा तळ हातात धरला होता. त्याच्याही खाली तंतू-मुळ्यांनी भरलेला काळा थर हातभर जाडीचा लागला, आणि तो संपल्यावर आमचे यंत्र एकदम अडू लागले. पिवळट-तांबूस, घट्ट चिकणमाती होती आणि तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे होते. आमच्या कळमेश्वरकडच्या शेतात विहीर खोदताना निघतात तसेच. असे खडे उघड्या जमिनीत, ऊन-पावसाच्या फेऱ्यात तयार होतात, पाण्याखाली नाही. म्हणजे ती घट्ट माती ही हिमयुगातली उघडी जमीन, तिच्यावरचा काळा थर म्हणजे समुद्र येऊन टेकला तेव्हाची खारफुटी, वरचा चिखल म्हणजे समुद्राने व्यापलेला काळ, आणि रेती-पोयटा म्हणजे नदीने ती जागा परत घेतल्याची खूण. तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेली सगळी हकिकत त्या एका बोअरमध्ये खालपासून वरपर्यंत ओळीने लागलेली होती.

जमिनीवरही ही नोंद दिसते. कोनसीमेत किनाऱ्याला साधारण समांतर असे रेतीचे लांबलचक, बुटके उंचवटे एकामागे एक आहेत. गावे, नारळाच्या बागा आणि रस्ते त्या उंचवट्यांवर आहेत आणि मधल्या सखल पट्ट्यांत भात होतो. पुराचे पाणी तिथे चढत नाही, हे लोकांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. यातला प्रत्येक उंचवटा म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा आहे आणि समुद्राकडे जावे तसतसे त्यांचे वय कमी होत जाते. उपग्रहाच्या चित्रात ते झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसतात. ही रेतीची आखणी लाटांची आहे. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश मिसिसिपीसारखा पक्ष्याच्या पंजाच्या आकाराने समुद्रात घुसत नाही, कारण बंगालच्या उपसागराच्या लाटा नदीने आणलेली रेती किनाऱ्याने सारखी पसरवत राहतात. गौतमीच्या मुखाच्या उत्तरेला काकिनाड्याचा लांब वाळूदांडा याच रेतीतून उभा राहिला आहे, आणि त्याच्या आडोशाने बंदर व कोरिंगाची खारफुटी टिकून आहे.

उत्तर : काळी माती (नागपूर)

मी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. खडकवाचक सरांच्या उत्तराशी मी सहमत आहे, तरी खारफुटीच्या थराविषयी एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते, कारण ती सोडली तर पातळीचा अंदाज कित्येक मीटरने चुकू शकतो. ताज्या गाळात निम्म्याहून अधिक जागा पाण्याची असते. वरून नवा गाळ चढत गेला की हे पाणी पिळून निघते आणि खालचा थर दबतो. कुजकी वनस्पतिज माती तर फारच दबते. त्यामुळे चिखलाच्या जाड थरावर उगवलेली खारफुटी आज जिथे सापडते, तिथे ती मुळात नव्हतीच. ती खाली गेलेली असते, आणि तिच्यावरून काढलेली समुद्राची पातळी खऱ्यापेक्षा खाली येते. म्हणून पातळी काढण्यासाठी पूलबांधणी यांच्या बोअरमध्ये लागला तसा, अगदी तळचा, घट्ट जुन्या जमिनीवर टेकलेला थर निवडतात. खालची जमीन आधीच घट्ट असल्याने तो फारसा खचलेला नसतो.

दुसरी सावधगिरी अशी की एका बोअरमध्ये नदीच्या रेतीवर समुद्राचा चिखल दिसला म्हणजे जगाचा समुद्र चढला, असे म्हणता येत नाही. नदी पात्र बदलते. मिसिसिपीने गेल्या सात हजार वर्षांत साधारण हजार-दीड हजार वर्षांनी आपले मुख दुसरीकडे नेले आहे, आणि सोडून दिलेल्या बाजूला गाळ मिळेनासा झाल्यावर ती बाजू आपल्याच वजनाने खचून समुद्राखाली गेली आहे. समुद्र जागच्या जागी असतानाही तिथल्या बोअरमध्ये तो चढल्यासारखाच दिसतो. म्हणून त्रिभुज प्रदेश समुद्राची पातळी थेट सांगत नाही. समुद्राचा चढ, जमिनीचे खचणे आणि गाळाचा पुरवठा या तिघांची बेरीज-वजाबाकी तो सांगतो, आणि अभ्यासकाला त्यातून एकेक रक्कम वेगळी करावी लागते. बार्बाडोसच्या प्रवाळांवरून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या समुद्रपातळीच्या आलेखासारख्या स्वतंत्र नोंदींशी पडताळणी करतात ती याचसाठी. आणखी एक अडचण म्हणजे सगळ्या जगाला लागू पडेल असा एकच आलेख नसतो. बर्फाचे ओझे उतरल्यावर पृथ्वीचे कवच आजही सावरते आहे, आणि त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या कित्येक किनाऱ्यांवर सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा एक-दोन मीटर वर होता, तर उत्तर युरोपात बर्फाखाली दबलेली जमीन अजून वर येते आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण द्यायचे तर मुंबईत १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस गोदीच्या खोदकामात ओहोटीच्या रेषेच्याही खाली झाडांची खोडे मुळांसकट उभी सापडली होती. ती झाडे जमिनीवर वाढली होती यात शंका नाही. पण समुद्र चढला की तेवढा भूभाग खचला, हे नुसत्या खोडांवरून ठरत नाही.

आता नर्मदा-तापीविषयी. वेगाचे कारण अगदीच चूक आहे असे नाही, पण त्यावर सगळा भार टाकणे योग्य नाही. शेवटच्या टप्प्यात भरुचपाशी नर्मदा सपाट मैदानातूनच वाहते. खरे कारण समोरच्या समुद्रात आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, आणि नदीने टाकलेला गाळ रोज दोनदा या जबर प्रवाहांत घुसळला जाऊन आखातात व पुढच्या उथळ समुद्रात पसरतो. गाळ येत नाही असे नाही. नर्मदेच्या मुखात आलियाबेट आहे, ते गाळाचेच आहे. पण समुद्र चढताना बुडालेली दरी भरून काढून पुढे सरकण्याइतका गाळ तिथे टिकत नाही. खाडी म्हणजे भरून व्हायची राहिलेली दरी, असे मुलांना सांगता येईल. कोकणातल्या खाड्यांनाही ते बऱ्याच अंशी लागू पडते, कारण सह्याद्रीच्या पश्चिम उताराच्या नद्या आखूड आहेत आणि त्यांचे पाणलोट लहान आहेत. नुसत्या भरतीमुळे त्रिभुज प्रदेश होत नाही असाही निष्कर्ष काढू नये. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशीही भरती जोरदार आहे, पण त्या दोघी मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात, आणि एवढ्या गाळापुढे भरती फक्त मुखांना रुंद नरसाळ्यांचा आकार देऊ शकते. विल्यम गॅलोवे यांनी १९७५ मध्ये नदी, लाटा आणि भरती या तीन टोकांचा त्रिकोण काढून त्यात जगातले त्रिभुज प्रदेश बसवले. माझ्या मते शाळेत तोच त्रिकोण शिकवावा.

आणि आपल्या अंगणातल्या मातीचे म्हणाल तर ती तिथे खरोखर ओळखू येते. गोदावरीच्या खोऱ्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्टवर आहे. बेसाल्टच्या झिजेतून ओली झाली की फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते, आपल्या कपाशीच्या रानात असते ती. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळावर हीच चिकणमाती भरपूर सापडते, तर गंगेच्या गाळात इलाइट जातीच्या मातीचे प्रमाण जास्त असते. समुद्रतळाचा चिमूटभर चिखल क्ष-किरणांखाली धरला की तो दख्खनचा की हिमालयाचा, हे कळते.

भूगोल-वही (नागपूर)

तिघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. धरणांमुळे आता गाळ अडतो. वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, गोदावरीवर जायकवाडी आहे. मग या हिशेबाचे पुढे काय होईल?

उत्तर : खडकवाचक (नागपूर)

मॅडम, हिशेबाची एक बाजू आटली आहे आणि दुसरी वाढते आहे, त्यामुळे किनारा मागे सरकणार, आणि काही ठिकाणी तो सरकू लागलाही आहे. नाईलवर आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर तिच्या मुखांना गाळ जवळपास मिळेनासाच झाला आणि तिच्या रशीद (रोझेटा) शाखेच्या मुखाशी समुद्राने जमीन झपाट्याने खाल्ली. मिसिसिपी जिथे समुद्राला मिळते त्या लुइझियानाच्या किनाऱ्याने १९३२ पासून सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे. गोदावरीच्या मुखाशीही गाळ पूर्वीपेक्षा फार कमी पोचतो आणि किनाऱ्याचे काही भाग झिजताहेत. धरणांचे पाणी आपल्याला हवेच आहे, मी त्यांच्या विरोधात लिहीत नाही; पण धरण बांधताना पाण्याचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मांडला जातो, तितका गाळाचा मांडला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काळी माती यांनी केलेली दुरुस्ती मला मान्य आहे. तळच्या थराचा उल्लेख माझ्याकडून राहून गेला होता. आणि मुलांसाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेत वापरात नसलेला उथळ हौद असेल, तर त्याच्या एका टोकाला नळीने बारीक धार सोडा आणि धारेत थोडी थोडी कन्हानची रेती व विटांची भुकटी आलटून पालटून टाकत राहा. हौदातले पाणी आधी स्थिर ठेवा, मग झपाट्याने चढवा, मग पुन्हा स्थिर ठेवा. शेवटी पाणी हळूहळू काढून टाका आणि साचलेला गाळ पत्र्याच्या पट्टीने उभा कापा.

भूगोल-वही (नागपूर)

प्रयोग काल शनिवारी केला, म्हणून कळवते. पहिल्या अर्ध्या तासात हौदाच्या तोंडाशी पंख्यासारखा आकार नीट तयार झाला, आणि धार त्याच्या माथ्यावरून कधी डावीकडे तर कधी उजवीकडे आपोआप वळत राहिली. मग आम्ही शेजारच्या नळाने पाणी एकदम वीतभर चढवले. पंखा पूर्ण बुडाला. धारेतली रेती त्याच्यापर्यंत पोचेचना, ती मागेच, धारेच्या तोंडाशी पडू लागली. पाणी थांबवल्यावर थोड्या वेळाने तिथे दुसरा, नवा पंखा पुढे सरकू लागला. प्रश्न विचारणारी मुलगी हौदाच्या काठावर बसून हे पाहत होती आणि नवा पंखा पाण्याबाहेर आला तेव्हा तिने बाकीच्या सगळ्यांना हाका मारून बोलावले.

पाणी काढून गाळ कापला, तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या रेघा तिरप्या उतरताना स्पष्ट दिसल्या, वरच्या बाजूला त्या आडव्या झाल्या होत्या. खालच्या पंख्यातली वळणाची जागा आणि वरच्या पंख्यातली वळणाची जागा यांच्यामध्ये मुलांनी पट्टी धरली. अंतर एकोणीस सेंटिमीटर भरले. पाणी चढवताना हौदाच्या भिंतीवर खडूने दोन रेघा ओढल्या होत्या, त्यांच्यातले अंतर वीस सेंटिमीटर होते. एक सेंटिमीटर कुठे गेला, यावर वर्गात अजून वाद चालू आहे. एक गट म्हणतो की मापात चूक झाली. दुसरा गट म्हणतो की वरच्या पंख्याखाली थोडी भुसभुशीत भुकटी होती, ती दबली असणार, आणि ते तपासण्यासाठी त्यांना सोमवारी हौद पुन्हा भरायचा आहे.